धुळीच्या ढगात किती आत

गोरक्षआबांची उभी हयात भोसरीच्या फाउंड्रीत लोखंडाचे ओतीव भाग घासण्यात गेली, आणि त्यांची लेक हर्षाली पुण्यात पीएचडी करत होती तीही धुळीवरच. आता बोला! "मी धूळ खाल्ली, पोरगी धुळीवर डाक्टर व्हतीया," असं ते गावच्या पारावर ज्याला त्याला सांगत. हसता हसता खोकल्याची उबळ यायची आणि हसणं तिथंच राहायचं.

हर्षालीची धूळ आभाळातली. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत धुळीचे अवाढव्य ढग असतात. ताऱ्यांचा अतिनील उजेड त्यांत किती आत शिरतो, हे ती कॉम्प्युटरवर मांडून बघत होती. आबा आता ऑक्सिजनच्या नळीला बांधलेले, त्यांना विरंगुळा काय तो एवढाच. ती बसमधून उतरून घरी आली, की चपला काढायच्या आत विचारायचे, "काय गं, कुठवर गेला उजेड?"

ती रंगून सांगायची. ढग सगळीकडे सारखा दाट नसतो, मधल्या फटींतून उजेड घुसतो. धुळीचे कण थोडा उजेड गिळतात, थोडा पुढं उडवतात. म्हणून तो वाटतं त्याहून खोल जातो. "म्हंजी वाट हाय," आबा म्हणायचे आणि त्या दिवशी दोन घास जास्त खायचे. आईला, गवराबाईला, वाटायचं पोरगी आबांच्या औषधाचंच काहीतरी शोधतेय. त्या माउलीला कुणी खरं सांगितलंच नाही.

शुक्रवारी डॉक्टरांनी हर्षालीला एकटीलाच आत बोलावून एक्स-रे दाखवला. दोन्ही फुप्फुसं धुळीनं गच्च. "आता घरीच सांभाळा," ते म्हणाले. बाहेर बाकावर आबा सिलिंडर धरून बसले होते. तिच्या तोंडाकडं बघत ते उठले.

घरी आल्यावर, आई भाकरी थापत असताना, त्यांनी हळूच विचारलं, "आज कुठवर गेला?"

"बराच आत गेला, आबा."

"आन् पार मधी? गाभ्यात?"

ते कुठल्या ढगाचं विचारताहेत, हे तिला पुरतं कळलं. खोटं बोलायला जीभ रेटेना.

"तिथं न्हाई पोचत."

आबांनी मान हलवली. घट्टे पडलेला हात तिच्या डोक्यावरून फिरवला. "बरं झालं, खरं बोललीस. तुज्या आयला मातुर वाट हाय म्हनूनच सांग."

तेवढ्यात चुलीपुढून गवराबाईंनी विचारलं, "पोचला का गं उजेड?"

हर्षालीला हंबरडा फोडावासा वाटत होता.

"पोचला, आई," ती म्हणाली.