पाळकांनी मंडळी सोडली

मी कागदांचा एक गठ्ठा बोलतोय. खरं तर मला हस्तलिखित म्हणायला हवं, पण घरात तो मान मला कोणी दिला नाही. 'तो गठ्ठा उचल गं, ताटं मांडायचीत,' एवढीच माझी ओळख.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यातला. माझी लेखिका तिथे बाहेरच्या टेबलावर बसून पेशंटांना आत सोडते. आत कोणाची तरी दाढ निघत असायची आणि बाहेर माझं एखादं वाक्य. हाल दोन्हीकडे सारखेच.

मी कादंबरी आहे. एक पाळक जन्मभर सांभाळलेलं चर्च म्हातारपणी सोडतो, कारण प्रार्थना करताना पलीकडे कोणी ऐकतंय असं त्याला वाटेनासं होतं. हा पाळक कोणावरून घेतला ते विचारायला नको. लेखिकेचे सासरे निवृत्त पाळक. त्यांच्यासमोर तिने मला कधी उघडलं नाही.

आधी मी धार्मिक पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकाकडे गेलो. ते म्हणाले, शंका फार आहेत, शेवटी तरी त्याला देव भेटू द्या. तिने भेटवला. तरी मी परत आलो, देव फार उशिरा आला म्हणून. दुसऱ्या प्रकाशकांना देवच जास्त झाला. तिने कमी केला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! देवाला आत-बाहेर करण्यात माझी पानं खोडून खोडून विरली. शेवटी वैतागून तिने मला पुन्हा पहिल्यासारखं लिहून काढलं, आणि हा शेवटचा प्रयत्न असं स्वतःला बजावून तिसरीकडे धाडलं.

तिसऱ्या प्रकाशकांचा फोन लगेच आला. पहिल्याच वाक्याने त्यांना धरून ठेवलं होतं. ते वाक्य असं : 'ज्या दिवशी पाळकांनी मंडळी सोडली, त्या दिवशी कोणीच रडलं नाही.'

आता, ख्रिस्ती घरात मंडळी म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमणारी सगळी माणसं. पण जुन्या वळणाच्या नवऱ्याची मंडळी म्हणजे त्याची बायको. प्रकाशक त्या वळणाचे निघाले. माझी पुढची वाक्यंही त्यात चपखल बसली : मंडळी आता थकली आहे, मंडळीत पूर्वीचा उत्साह नाही, शेजारच्या गावची तरुण मंडळी पाळकांना बोलावते आहे... बिचाऱ्यांनी मला एका बैठकीत संपवलं होतं.

कचेरीत त्यांनी लेखिकेचं तोंडभरून कौतुक केलं. सोडलेल्या बायकोचं नाव शेवटपर्यंत येत नाही, काय हा संयम! मुखपृष्ठावर पाठमोरी बाई घ्यायची असंही ठरवून टाकलं. करार समोर होता. लेखिकेने पेनचं टोपण काढलं, परत लावलं, आणि खरं काय ते सांगून टाकलं. ही बाई कसली लेखिका, मला वाटलं. जरा गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?

प्रकाशकांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "हे मला सांगितलंत, ठीक आहे. वाचकाला सांगू नका. चर्च सोडलेल्या माणसाला गिऱ्हाईक नाही हो."

म्हणजे शब्दाचा अर्थ सांगणारी तळटीप घातली, तर पुस्तक नाही.

त्या संध्याकाळी जेवताना तिने घरात सगळं सांगितलं. पाळक कोण हेही सांगितलं. लोक तुम्हालाच ओळखणार, बायको सोडली असा भलताच बोभाटा होणार, तेव्हा मी नाहीच म्हणते, असं ती सासऱ्यांना म्हणाली. ते मात्र ठसका लागेपर्यंत हसले. चर्च सोडलं तेव्हा आपली इतकी चौकशी कोणी केली नव्हती, म्हणाले.

सासूबाई हसल्या नाहीत. हात पुसून त्यांनी मला जवळ ओढलं आणि पहिलं पान वाचलं.

"त्या माणसानं बरोबर वाचलंय," त्या म्हणाल्या. "लग्नानंतरच्या रविवारी हे जे मंडळीकडे गेले, ते निवृत्त झाल्यावर घरी आले. टीप कशाला घालतेस? फक्त कोणी रडलं नाही, हे खोटं आहे. तेवढं खोड."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. लेखिकेने तिथल्या तिथे अर्धं वाक्य खोडलं. मला फार खोडलंय आजवर, पण इतकं कधी लागलं नव्हतं.

पुस्तक निघालं. पाठमोऱ्या बाईसकट बरं खपतंय. घरातली प्रत सासूबाईंच्या उशाशी असते आणि त्या ती कोणाला देत नाहीत. म्हणून सासरे मला वाचतात, रोज थोडं थोडं. मंडळीबद्दल काही आलं की थांबून स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतात, "तेव्हा तुला खरंच असं वाटायचं?"

"पुढे वाचा," आतून उत्तर येतं.

वाचकहो, पुस्तक खुशाल विकत घ्या, मला राग नाही. पण कधी भेटलात तर त्यांना एवढं सांगा, जरा सावकाश वाचा म्हणावं. माझी वाचायची पानं आता थोडीच उरलीत, आणि त्यांना विचारायचं अजून पुष्कळ आहे.