न वाळलेली भिंत

रुसे शहरातल्या एका जुन्या इमारतीत रोसित्साच्या स्वयंपाकघराची भिंत पुन्हा काळी पडली. हिवाळ्यात वरच्या मजल्यावर ब्लागोयकाकांच्या घरातला पाइप फुटला आणि सगळं पाणी हिच्याकडे उतरलं. काकांनीच कोस्ता नावाचा कारागीर आणला. त्यानं भिजलेला गिलावा काढला, आत थंडी अडवणारा कापूस भरला, वरून जिप्समचे पत्रे ठोकले, रंग दिला. उन्हाळा लागायच्या आत त्या रंगाला फुगे आले, घरभर कुबट वास सुटला. रोसित्साचा नवरा यासेन जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करून आधीच छातीचा रोगी. तो आता खोकून खोकून बेजार झाला.

रोसित्सा तरातरा वर गेली.

"काका, पुन्हा गळतंय तुमचं."

"थेंब गळत नाही. तूच खिडक्या लावून मिरच्या भाजत बसतेस, त्याची वाफ ती."

"या वयात तरी खोटं बोलू नका."

"तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी. जीभ आवर," म्हणून काकांनी तोंडावर दार लावलं.

कोस्ता फोनवर एवढंच म्हणाला, "माझं काम पक्कं आहे. वरून पाणी येत असेल तर मी काय करू?" रोसित्साला तेवढंच हवं होतं. ती बेकरीच्या रांगेत काकांची नालस्ती करू लागली. काका मुद्दाम हिच्या डोक्यावर खुर्च्या ओढू लागले.

मग यासेनला इस्पितळात न्यावं लागलं. तिथून परतताना रोसित्सा तळघरात उतरली, काकांच्या घरी जाणाऱ्या पाण्याचा वॉल्व्ह बंद केला आणि त्याची चावी खिशात टाकली. तहान लागली की म्हातारा कबूल होईल, असा तिचा हिशेब.

काकांनी हट्टानं कुणाला सांगितलं नाही. आठवडाभर दुखऱ्या गुडघ्यानं ते चौकातून कॅन भरून आणत राहिले. शेवटी नेव्यानाताईंनी त्यांना जिन्यात धापा टाकताना पाहिलं. ताई इमारतीचा कारभार पाहत. कोर्टात कारकुनी करताना भांडणं ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्या तळघरातला बंद वॉल्व्ह बघून थेट रोसित्साकडे आल्या.

"चावी दे."

"कसली चावी, ताई?"

"मला शिकवू नकोस. वर पाणी किती दिवस बंद आहे?"

"आठवडा झाला," रोसित्सा पुटपुटली.

"मग तुझी भिंत वाळली का?"

रोसित्सानं भिंतीला हात लावला. तळवा ओला झाला.

"वरून थेंब नाही, तरी ओल तशीच," ताई म्हणाल्या. "पाणी आतच कोंडलंय. ज्यानं भिंत बुजवली त्याला तुम्ही दोघांनी एकदा तरी इथं उभं केलंत? एकमेकांचा गळा धरायला तेवढी सवड होती."

वॉल्व्ह उघडून रोसित्सा खालमानेनं वर गेली.

"पाणी मी बंद केलं होतं, काका."

"माहीत होतं. पोलिसात जाणार होतो. पण यासेनचा खोकला मला वर ऐकू यायचा. माफ केलंय असं समजू नकोस."

दुसऱ्या दिवशी ताईंनी कोस्ताला बोलावलं. तिघं त्याच्याभोवती उभी राहिली.

"पत्रा फोडला तर माझी हमी संपली," तो गुरकावला.

"आम्ही नाही, तूच फोडणार आहेस. आमच्यासमोर," ताई म्हणाल्या.

पत्रा निघाला. वर काकांकडे जाणारा पाइप कोरडा ठणठणीत होता, पण कापूस भिजून काळा झाला होता. हिवाळ्यातली ओल तशीच बुजवली होती.

"इस्टरच्या आत उरका म्हणून हीच दोघं मागं लागली होती," कोस्ता म्हणाला.

ते खरं होतं.

"त्यांना कळत नव्हतं. तुला कळत होतं," ताई म्हणाल्या. "नाही म्हणायची जबाबदारी तुझी. आता स्वखर्चानं कर, नाहीतर ग्राहक न्यायालयात भेटू."

कोस्तानं धुसफुसत सगळं उपटलं. शरदात द्राक्षं उतरेपर्यंत भिंत उघडी ठेवली, मगच नवा गिलावा चढला. यासेन आता रात्री झोपतो. काका आणि रोसित्सा अजूनही एकत्र कॉफी पीत नाहीत, पण खुर्च्या उचलून सरकवल्या जातात, आणि काकांचे जड कॅन पुन्हा कुणी पाहिले नाहीत.

वाचकहो, काम बिघडलं की आपण आधी समोर दिसेल तो माणूस धरतो. तसं करू नका. ज्यानं काम केलं त्याला बोलवा, सगळ्यांदेखत बिघाड उघडून पाहा, मग ज्याची चूक असेल त्याच्याकडून ती हक्कानं दुरुस्त करून घ्या. त्यात आपली घाई निघाली, तर तीही कबूल करा. शेजाऱ्याचं पाणी तोडून आपली भिंत वाळत नाही.