वेचणीच्या टोळीसाठी सातपुड्यात

कारभारी नावाच्या कास्तकाराच्या जिभेला हाड नव्हते, आणि त्या जिभेच्या तडाख्यातून आमदारापासून अळीपर्यंत कोणीही सुटलेले नव्हते. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने संग्रामपूर तालुक्यातली पराटी, म्हणजे कपाशी, आतून पोखरली, तेव्हा त्याने प्रथम बियाण्याच्या कंपनीस, नंतर सरकारास आणि शेवटी स्वतःच्याच शेतात वेचणी करणाऱ्या चांगुणाबाईच्या टोळीस फैलावर घेतले. किडके बोंड धड उमलत नाही; त्यातला कापूस नखाने कोरावा लागतो, आणि दिवसभर कोरूनही कमरेला बांधलेली फडक्याची ओटी भरत नाही. म्हणून किलोऐवजी रोजाने मजुरी द्यावी, एवढेच बायांचे म्हणणे होते. कारभारीने त्यांना हाकलून लावले.

आता आभाळ दाटून येत होते. अवकाळी पावसाचे भाकीत होते आणि उरलासुरला कापूस झाडावरच होता. तो भिजला की काळा पडणार आणि वर्षाच्या श्रमांचे मातेरे होणार. सबब डोंगरातल्या वस्त्यांवरून दुसरी टोळी आणावी, या हेतूने त्याने फकीर मोहम्मदची काळीपिवळी जीप ठरवली आणि सकाळीच सातपुड्याची वाट धरली.

टुनकी गाव मागे पडले. डोंगराच्या तोंडाशी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक ओळीने उभे होते, आणि त्यांच्या मागे उघडाबोडका डोंगर लाजून बसल्यासारखा दिसत होता.

"पाह्य फकीरभाई," कारभारी म्हणाला, "फोटो लावाले झाडं तोडले, का झाडं तोडले म्हनून फोटो लावले?"

"फोटोले पानी द्या लागत नाई, भाऊ," फकीर मोहम्मद उत्तरला.

पुढे वृक्षलागवडीचा एक फलक आला. त्याखालच्या खड्ड्यांत शेळ्या निवांत बसल्या होत्या. फलकाची वाढ तेवढी उत्तम झाली होती.

"आमदार आला व्हता बांधावर," कारभारी पुढे चालू झाला. "बोंड हाती घेतलं, फोटो काढला अन् गेला. बोंडातली अयी आपल्याले पाहून लाजंन अन् मरंन, असं वाटलं असंन त्याले! अन् थो कंपनीवाला? म्हने, हे झाड खाल्लं का अयी मेलीच समजा. आता अयी त्याले परसाद समजून खाऊन राह्यली."

"पन भाऊ, कंपनीच्या थैलीत साध्या बियान्याची एक पुडी येत व्हती ना? अयीले जहराची सवय होऊ नये म्हनून वावराच्या कडंनं लावाची?"

"येत व्हती."

"लावली?"

"कोन लावते? फेकली नाल्यात. कंपनी फुकट देते म्हंजे कामाचं नसंनच ते."

"मंग परसाद वाढनारे तुमीच," असे म्हणून फकीर मोहम्मदने गिअर बदलला. कारभारीने खिडकीबाहेर थुंकून विषय संपवला.

पहिल्या दोन वस्त्यांत दारांना कुलपेच भेटली. माणसे ऊसतोडीला गेली होती. तिसऱ्या वस्तीवर, मोहपाण्याला, भिमाबाईची टोळी उन्हात बसून शिंदीचे झाडू बांधत होती. पावसाच्या धाकाने कारभारीने गावच्या बायांना जो रोज नाकारला होता, तो येथे मुकाट्याने कबूल केला. बायांनी भाकरी फडक्यात बांधल्या आणि त्या जीपमध्ये दाटीवाटीने बसल्या. काम फत्ते झाले होते. परंतु कारभारीच्या जिभेला विसावा कोठला?

"माह्या वावरात कशाची कमी नसते," तो ऐटीत म्हणाला. "औंदा सीतादहीले साऱ्या बायायले पोटभर जेवन देलं. चांगुणाले इचारा."

"चांगुणानं केली सीतादही?" भिमाबाईने विचारले, आणि ती खाली उतरली. तिच्यामागे साऱ्याच उतरल्या.

पहिल्या वेचणीला शेताच्या कोपऱ्यात दगड मांडून टोळीची म्होरकी दही-भात शिंपडते, ती सीतादही. जिने दही शिंपडले तिच्याच टोळीने ते शेत अखेरपर्यंत वेचावे, आणि तिने सोडल्यावाचून दुसरीने तेथे ओटी बांधू नये, असा या बायांचा आपसातला दंडक होता. कारभारीने तो ऐकला नव्हता असे नव्हे. पण बायांचे दंडक ध्यानात ठेवण्याची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

"तिनं वावर सोडलं का?" भिमाबाईने विचारले.

"मीनं हाकललं तिले!"

"हाकललं कोनं ते नाई इचारलं, भाऊ. तिनं सोडलं का?"

कारभारी ओरडला. "एवढी एकी हाय तर सरकार पाडा ना जाऊन!"

"सरकारच्या वावरात कोन बोलावते आमाले?" एक बाई म्हणाली, आणि साऱ्या खिदळल्या.

"चांगुणाचं फडकं घेऊन या," भिमाबाईने सांगितले. "तिचं ओटीचं फडकं दिसलं का आमी येतो. नाईतर आज आमी तिच्या वावरात घुसलो, उद्या कोनी आमच्या वावरात घुसंन."

रिकामी जीप डोंगर उतरली. वाटेत कारभारीने कोणाचाही उद्धार केला नाही. गावात शिरताच तो हळूच म्हणाला, "चांगुणाच्या दारी घे."

चांगुणाबाई अंगणात तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही.

"काऊन कारभारीभाऊ, सरला का डोंगर?"

"रोजानं देतो. साऱ्यायले."

"ते त देसानच. आभाय पाह्यलं मी." तिने सुपातला कोंडा त्याच्या पायांशी उडवला. "पन आमच्या एका टोळीनं आता पावसाआंधी उरकत नाई. तिकडच्या बायाबी आना. त्यायलेबी हाच रोज."

"दोन टोळ्या?"

"एका टोळीत भागत व्हतं, तवा तुमी बोलत व्हते."

ती आत गेली आणि पराटीच्या डागांनी काळवंडलेले ओटीचे फडके आणून तिने त्याच्यापुढे धरले. कारभारीने ते आधी दोन बोटांच्या चिमटीत घेतले. चांगुणाबाई पाहत राहिली. तेव्हा त्याने दोन्ही हात पुढे केले, फडक्याची नीट घडी घातली आणि जीपमध्ये बसून ते मांडीवर घेतले. काळीपिवळी पुन्हा सातपुड्याकडे वळली. खिडकीतून वारा भणाणत होता, आणि घडी उडू नये म्हणून कारभारीने सारी वाट ती छातीशी गच्च धरून ठेवली.