कांद्याच्या सालीचं अंडं

रुखमाबाईनं पदराआड एकच अंडं आणलं होतं, कांद्याच्या सालीत उकडून तांबडं केलेलं. खामगावच्या त्या चर्चमध्ये आता अशी अंडी कोणी आणत नाही. पूर्वी ईस्टरची पहाटेची उपासना सुटली की अंगणात अंड्यावर अंडं आपटायचे. कोणाशी अबोला असेल तर त्याच्यासमोर जाऊन मुकाट्यानं अंडं धरायचं. ज्याचं फुटलं त्यानं आधी बोलायचं, की भांडण मिटलं. भलेभले अडेलतट्टू या अंड्यानं वठणीवर आणले होते. पुढं नवी फरशी बसली आणि डाग पडतात म्हणून कमिटीनं चमचमत्या कागदातली चॉकलेटची अंडी वाटायला घेतली. फरशी स्वच्छ राहिली, मनांचं कोण पाहतो?

तिचा धाकटा भाऊ सहदेव उद्या पुण्याला, मुलाकडं, कायमचा निघाला होता. तीन वर्षं दोघं बोलत नव्हते. मायच्या मातीला रुखमाबाई चारचौघांत म्हणाली होती, "यानं दवाखान्यात नेलं नाही, म्हणून गेली माय." आज मिटलं तर मिटलं, नाहीतर या जन्मी नाही.

ती त्याच्यासमोर गेली आणि अंडं धरलं. लोक वळून पाहू लागले.

"आजी, चाल ना घरी," नात योगिनी ओशाळून म्हणाली.

सहदेवच्या हातात चॉकलेटचं अंडं होतं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग फाटकाकडं. दोन पावलं चाललाही. रुखमाबाईनं हात खाली घेतला नाही.

तो परत फिरला आणि चॉकलेटचं अंडं तिच्या अंड्यावर आपटलं. ते हाताच्या उबेनं मऊ झालेलं, जागीच चेपलं. आपणच हरणार हे त्याला आधीच ठाऊक होतं.

"मायनं शपथ घातली होती मले," तो म्हणाला. "दवाखान्यात नेऊ नोको, घरीच मरू दे. अन् रुखमीले सांगू नोको, ती मले जबरीनं नेईल म्हणे."

"मंग तवा काऊन नाही बोलला?"

"तू इचारलंच कुठी, बाई? फैसला करूनच आलती."

भांडण मिटलं होतं आणि सगळा दोष तिच्या एकटीच्या पदरात पडला होता.

"चुकलं माह्यं," ती म्हणाली. हे शब्द तिनं उभ्या आयुष्यात कोणाला ऐकवले नव्हते. "उद्या कितीची गाडी?"

"सकाळी सहाची."

तीन वर्षं तिनं घालवली होती, आणि हातात हा एवढा एकच दिवस उरला होता.