विमानासाठी बांधलेलं तोरण

बालमित्रांनो, बसायचं असन तं तिथंच बसा, जागा लय आहे. मी एक हवाईपट्टी आहो, जुनी. मध्य प्रदेशातल्या सौसरहून बोरगावकडे जातानी उजव्या हाताले दिसते ती. दिसते म्हणजे आता तारेच्या कुंपणामागून दिसते. आधी कुंपण नव्हतं. ते माह्यामुळं लागलं, अन् तवापासून एका पोरीच्या तोंडाकडे पाहायची माही हिंमत होत नाही.

मले एका कारखान्याच्या शेठनं बांधलं. त्याले मुंबईहून यायची घाई राहे. गावच्या बायांनी डोक्यावर गिट्टी वाहिली, रोलर फिरला, वरून उकळतं डांबर ओतलं. मले वाटलं, मेली. पण दुसऱ्या दिवशी मी अशी काळीभोर चमकत होती का पाखरं पाणी समजून उतरले अन् पाय भाजून उडाले.

मंग कारखाना बुडाला अन् सरकारनं मले घेतलं. भोपाळचं लहानसं विमान सुरू झालं. उद्घाटनाले बँड वाजला, मास्तरायनं पोरायले लाइनीनं आणलं, बायांनी विमानाच्या चाकाले हळद-कुंकू लावलं. मी नुसती फुगून गेली. पण विमानात बसे कोण? कधी एखादा साहेब, कधी साहेबाची अटॅची. सरकार तिकिटाले टेकू देत होतं तवर ते उडलं. टेकू काढला अन् बंद.

बंद पडलेल्या पट्टीची काय इज्जत राहते, मित्रांनो? माह्या भेगायत रुई उगवली. लोकायनं माह्यावर मिरची वाळू घातली, सोयाबीन वाळू घातलं. पोट्टे गाडी शिकाले येत अन् गुडघे फोडून जात. पोळ्याले गावचे सारे बैल माह्यावरच उभे राहत. दोन बाजूले बांबू, मधात आंब्याच्या पानाचं तोरण, अन् तोरणामागं सजवलेले बैल. तोरण तुटलं का बैल सुटत.

मले याचा राग येत होता. मी विमानाची पट्टी, अन् माह्यावर शेण! मी मनात एकच मागणं मागत राहो, विमान येऊ दे. बाकी काही होवो.

बाकी काही होवो, असं मी म्हटलं होतं. तेच आता खाऊन राहिलं मले.

कारण तवाच ऋतुजा यायला लागली होती. अंगणवाडीतल्या सुधाबाईची पोरगी. तिले पोलीस भरती काढायची होती. भरतीत दौड राहते, अन् सपाट जागा गावात कुठीच नाही. शेतात ढेकळं, सडकेवर ट्रक. मागच्या वर्षी ती दौडीतच थोडक्यात राहिली होती. घरी ठरलं होतं, यंदा नाही झालं तं लगन. मामानं स्थळही पाहून ठेवलं होतं.

ती सकाळी येऊन माह्या या टोकाहून त्या टोकाले पळे. संग शेजारचा चेतन. तो पळे कमी अन् मोबाइलात टाइम पाहून खिजवे जास्त.

"एवढ्या टाइमात तं माही आजी बजार करून येते," तो म्हणे.

"मंग आजीलेच आण उद्यापासून. तुह्यापेक्षा तरी पळन."

तिचे पाय हलके पडत. पण मी तवा आभाळाकडे पाहून राहिली होती.

पांढुर्णा नवा जिल्हा झाला अन् भगवंतरावायले माही आठवण आली. भगवंतराव म्हणजे संत्र्याचे व्यापारी, बोलाले पक्के. त्यायनं अर्ज केले, मोर्चा काढला. सरकार म्हणे, आम्ही काही पैसा देतो, काही जिल्ह्यानं आपल्या फंडातून टाकावा, पण आधी लोकायले विचारू. माह्यावरच मंडप टाकून सभा झाली.

जिल्ह्याच्या साहेबानं विचारलं, "विमानात कोण कोण बसणार?"

साऱ्यायनं हात वर केले.

"तिकीट काढून?"

हात असे खाली आले जशी कोणी नाडी ओढली. मंडपात हशा पिकला.

सुधाबाई उठल्या. "साहेब, दवाखान्यात सोनोग्राफीची मशीन कपड्याखाली झाकून हाय. चालवनारा नाही. गरोदर बाईले आम्ही नागपूरले नेतो. फंडात पैसा हाय तं तिथं लावा. विमान पायजे त्यानं नागपूरहून पकडावं, काही सात समुद्रापार नाही ते."

"सुधाबाई, नागपूर दुसऱ्या राज्यात आहे," भगवंतराव म्हणाले. "बिमारी नागपूरले, बजार नागपूरले, अन् सही कुठी? भोपाळले. आपल्या अर्जाचं तोंड पाहाले तिथला साहेब कधी येते का इकडे? सडक बांधली तवा कोनी इचारलं नाही का नफा किती होईन. आमच्या भागाले पैसा द्याची पाळी आली का सारे हिशोबी होतात."

"मी हिशोबी नाही भाऊ. माह्या पोरीची दौड इथं हाय, म्हणून पोटात दुखून राहिलं. लपवत नाही."

"एका पोरीसाठी सारा जिल्हा थांबवता का?"

सुधाबाई खाली बसल्या. मित्रांनो, दोघायचंही मले पटत होतं. पण मनातून मी भगवंतरावायच्या बाजूनं होती. ऋतुजा मंडपाच्या कडेले बुटाची नाडी बांधत बसली होती. तिच्याकडे मी पाहिलंच नाही.

ठरलं असं का आधी एक लहान विमान आणून पट्टी पाहायची. नीट उतरलं तं पैसा मंजूर. नाही उतरलं तं माही फाइल बंद, नेहमीसाठी.

झालं, गाव कामाले लागलं. रुई उपटली, भेगा बुजवल्या. चेतननं शेणाचे पोवटेसुद्धा खरडून काढले. अन् मंग भगवंतरावायच्या डोक्यात आलं का पाहुणा पहिल्यांदा येऊन राहिला, त्याले तोरण पायजे. माह्या या टोकाले, कडेले टाकलेल्या मंडपापाशी दोन ड्रमात रेती भरून बांबू उभे केले अन् माह्या आडवं तोरण ताणलं. सुताचं नाही, नायलॉनच्या जाड दोराचं, आंब्याची पानं अन् नारळं बांधून.

"काका, हे विमान हाय, बैल नाही," ऋतुजा म्हणाली.

"माहीत आहे न मले. ते तिकडच्या टोकाले उतरन, हळूहळू इथवर येईन अन् तोरणापाशी उभं राहीन. मंग साहेब तोरण तोडन. तू काळजी नको करू, तू पाणी वाट."

विमान आलं. गावानं माना वर केल्या. भगवंतरावायनं फेटा सावरला. पण विमान, मित्रांनो, पोळ्याच्या बैलासारखं ठरल्या बाजूनं येत नाही. ते वारा समोरून घेऊन उतरते, अन् त्या दिवशी वारा फिरला होता. विमानानं आभाळात वळण घेतलं अन् मंडपाच्याच बाजूनं खाली यायला लागलं. सरळ तोरणावर.

लोकं टाळ्या वाजवून राहिले होते. त्यायले वाटलं, मान देऊन राहिलं.

समजलं फक्त ऋतुजाले. रोज पळणारीले वारा तोंडावर आहे का पाठीवर, हे सांगा लागत नाही. ती पाण्याची कॅन टाकून निघाली, अन् चार पावलं पळून थांबली.

तिच्या टाचा माह्यावर थांबल्या ते मले आजही जाणवते. तिच्या मनात काय आलं असन ते मले समजलं. पायलटले दोर दिसन, तो विमान वर ओढन, वापस जाईन. फाइल बंद. मैदान तिचं. अन् दोर नाही दिसला तं? आत माणसं बसली होती.

अन् मी काय करत होती? आतल्या माणसायचा विचार नाही केला, तिचाही नाही. मी नुसती म्हणत होती, पळ ना बाई, माहं विमान चाललं.

ती पळाली. तशी ती भरतीतही कधी पळाली नसन. ड्रमाले खांदा लावला. ड्रम हलला नाही. "चेतन्या, मेल्या, ये इकडे!" चेतन धावला. दोघायनं ढकलून ड्रम आडवा केला, बांबू पडला, दोर माह्या अंगावर सपाट झाला. ते दोघं बाजूले लोळले अन् विमान त्यायच्या डोक्यावरून गेलं.

चाकं मले टेकली. इतक्या वर्षांनी. मी किती खूश झाली ते सांगायची मले शरम वाटते.

भगवंतराव धावत आले. ऋतुजाचा खांदा सोलला होता. त्यायनं फेटा सोडून तिच्या खांद्यावर दाबून धरला. "पोरी, माह्या हातानं माणसं मारली असती मी," एवढंच बोलले. मंग साहेबायकडे गेले. पट्टी पास झाली.

पैसा आला. आधी कुंपण आलं. मंग फाटक अन् फाटकावर चौकीदार. चौकीदार कोण? चेतन. वर्दी, शिट्टी, महिन्याचा पगार. त्याच्या घरी पहिल्यांदा कायम नौकरी लागली. हेही माह्याच पैशातून झालं, ते मी नाकारत नाही.

ऋतुजा पहिल्या सकाळी नेहमीसारखी आली अन् फाटकापाशी थबकली.

"आज तं विमान नाही न?"

"हप्त्यातून दोनदाच येते," चेतन म्हणाला. तिच्याकडे पाहून नाही, कुलुपाकडे पाहून. "पण कॅमेरा लावला हाय, ऋतुजा. साहेबानं पाहिलं तं माही नौकरी जाईन."

"मंग ठेव नौकरी. एकाची तरी राहू दे."

भगवंतरावायनं अर्ज केला, साहेबायले भेटले, सकाळी पोरायसाठी फाटक उघडा म्हणून. ज्या भगवंतरावायच्या एका फोननं मंडप उभा राहे, त्यायले आता उत्तर मिळते, नियमात बसत नाही.

मित्रांनो, माह्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट संपवतानी म्हणतात, आमची कदर करा, आम्हाले सांभाळा. माही कदर झाली आहे. तुमच्या पैशानं मले झाडतात, पुसतात, पांढरे पट्टे मारतात. तुमचा पैसा माह्यावर लागला, तो लागू नये असंही मी म्हणत नाही. पण ज्या दिवशी विमान नसते त्या सकाळी मी कोणाची? हे तुम्ही मोठे झाले का विचारा. मोठे व्हायची वाट नका पाहू, आताच विचारा. फाटक उघडाले पैसा लागत नाही.

भरती जवळ आली आहे. रात्री पाणी पडून गेलं. ऋतुजा कुंपणाच्या पल्याडून, वावराच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं पळून राहिली. काळी माती तिच्या बुटाले धरते, ती पाय उपटते अन् पुन्हा पळते. तिकडे घोट्याएवढा चिखल आहे. इकडे मी कोरडी, रिकामी पडून आहो.