एकेचाळिसावी बाटली

फ्रीजरमध्ये एकेचाळीस बाटल्या होत्या. वरच्या कप्प्यात चोवीस, खालच्या कप्प्यात सतरा. चाळीस बाटल्यांवर मी चिकटपट्टी लावून तारीख, वेळ आणि किती मिली ते लिहिलं होतं. त्यांची बेरीज दोन हजार चारशे पासष्ट. एका बाटलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

दूध माझ्या ताईचं. तिची मुलगी साडेसहाव्या महिन्यातच जन्मली. वजन नऊशे दहा ग्रॅम. दाजी सैन्यात, आणि त्यांची चौकी अशा डोंगरावर की नुसतं खाली उतरायलाच दोन दिवस लागत. आमचं घर हॉस्पिटलपासून नऊ तासांवर. पगाराला अजून वेळ होता आणि ताईचे टाके ओले होते. दाजींच्या साहेबांनी सैनिकांच्या कुटुंबांसाठी असलेल्या तातडीच्या मदत निधीला फोन केला. त्याच दुपारी आम्हाला हॉस्पिटलसमोरची ही खोली मिळाली, फ्रीजर मिळाला आणि दूध काढायचा पंपही.

चावी द्यायला निधीच्या कार्यालयातले एक निवृत्त सैनिक आले होते. आम्ही त्यांना निधीकाका म्हणू लागलो. त्यांनी नळ सोडून पाहिला, कडी लावून पाहिली आणि ताई आभार मानायला लागली तेव्हा म्हणाले, "माझे कसले आभार? मी फक्त फॉर्मातल्या चौकटी भरतो."

दाजींचा फोन रोज सकाळी यायचा. मुलीचं नाव त्यांनी न पाहताच मुंगी ठेवलं होतं.

"मुंगी किती जेवली?"

"दर दोन तासांनी दोन मिली. नळीतून."

"मग तुझ्यावर गेली. माझ्यावर गेली असती तर नळीसकट खाल्लं असतं."

ताई टाक्यांवर हात दाबून हसायची. मग पंप घेऊन बसायची. मुंगीला लागायचं त्याच्या कितीतरी पट दूध निघायचं, पण ती थांबायची नाही. मुंगी मोठी होईल तेव्हा कमी पडायला नको, असं तिचं म्हणणं होतं.

तेराव्या दिवशी दुपारी ती अशीच बसली असताना हॉस्पिटलचा फोन आला. मी ऐकून घेतलं, "हो" म्हटलं, ठेवला. ताईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पंप मात्र थांबवला नाही. दूध यायचं कमी झालं तसं तिने झाकण लावलं, बाटली फ्रीजरमध्ये ठेवली, दार नीट लागलं का ते दाबून पाहिलं आणि मग विचारलं, "काय म्हणाले?"

चिकटपट्टी लावायचं काम माझं होतं. ते राहून गेलं.

दाजींचं तिकीट निधीने त्याच सकाळी काढलं होतं. ते पोचले तीन दिवसांनी. मुंगीला त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं ते हॉस्पिटलच्या शवागारात. खोलीवर आल्यावर त्यांनी बूट काढून भिंतीशी जोडीने लावले, फ्रीजर उघडला आणि एकेका बाटलीवरची वेळ वाचत बसले. गार हवा बाहेर येत होती. शेवटी ताईनेच उठून दार लावलं.

तिला दूध यायचं थांबलं नव्हतं. शरीराला कुणी कळवलं नव्हतं. छाती फार दुखली की ती मोरीत जाऊन थोडं काढून टाकायची आणि मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी निधीकाका कागद घेऊन आले. रुग्ण हॉस्पिटलमध्ये असेपर्यंतच खोली ठेवता येते, असा नियम होता. ते सांगता सांगता त्यांची नजर ताईच्या ओल्या झालेल्या ओढणीवर गेली. त्यांनी खिशातून पेन काढलं. 'रुग्णाचे नाव' या चौकटीत मुंगीच्या जागी ताईचं नाव लिहिलं आणि चार दिवस वाढवून दिले. पाणीसुद्धा न घेता गेले.

पण चार दिवसांनी निघायचंच होतं, आणि नऊ तासांच्या प्रवासात दूध टिकणार नव्हतं. दाजी म्हणाले, "तू जरा बाहेर जाऊन बस. मी करतो रिकाम्या."

ताई फ्रीजरला पाठ लावून उभी राहिली. मग तिने मला विचारलं, "हे मुंगीला किती दिवस पुरलं असतं?"

मी हिशोब केला. दोन मिली, दिवसातून बारा वेळा. "त्याच मापाने एकशे दोन दिवस."

"मुंगीच्या शेजारच्या काचेच्या पेटीतल्या बाळाच्या आईला दूधच येत नव्हतं," ताई म्हणाली. "मी हे ओतायचं?"

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर मिल्क बँक होती, अशा बाळांसाठी दान केलेलं दूध साठवणारी. थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून आम्ही सगळ्या बाटल्या तिकडे नेल्या. पेटी दाजींनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. रस्ता ओलांडायला चार मिनिटं लागली.

तिथल्या नर्सने ताईचे रक्ताचे रिपोर्ट पाहिले, चाळीस बाटल्या नोंदवल्या आणि एकेचाळिसावी बाजूला ठेवली. तारीख-वेळ नसेल तर घेता येत नाही, म्हणाली.

"नियम असेल तर राहू द्या," दाजी म्हणाले. "ही मी नेतो."

"नेऊन काय करणार?" ताई म्हणाली. ती माझ्याकडे वळली. "तुला वेळ माहीत आहे. सांग त्यांना."

"तीन वाजून वीस मिनिटं," मी म्हणाले.

"नक्की कशावरून?" नर्सने विचारलं.

मी फोनमधला तो कॉल उघडून तिच्यासमोर धरला. नवजात अतिदक्षता विभाग. तीन वीस. अडतीस सेकंद.

तिने तो वाचला, मग ताईकडे पाहिलं. चिकटपट्टीचा तुकडा कापून तिने बाटलीवर लावला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी तारीख लिहिली, वेळ लिहिली. बाटली उजेडात धरून माप वाचलं आणि तेही लिहिलं. पासष्ट.

तीन दिवसांनी, आम्ही सामान बांधत असताना, मिल्क बँकेने दूध बाळांना देण्याआधी केलेल्या तपासणीचा निकाल आला. बाटल्या एकेचाळीस. एकूण दूध दोन हजार पाचशे तीस मिली. अठ्ठेचाळीस तासांत जंतूंची वाढ नाही.