तपासणारी: दया साळवे

"आली तपासणी. आता दुपारपत्तुर कामाचं वाटोळं."

सत्यशीला हे मॉनिटरला म्हणाली, मला नाही. पण माझी खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटून होती. कल्याणच्या मिक्सिंग लॅबमध्ये तिसऱ्या खुर्चीला जागाच नाही. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत बसले.

मिक्सिंग लॅब म्हणजे लग्नाचं शूटिंग जिथे कापून, जोडून, वर गाणी चढवून मिळतं ती खोली. श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात कल्याण आणि त्याची बायको सत्यशीला दोघं मिळून ती चालवतात. चार वर्षांपूर्वी चोरीच्या विंडोजमध्ये व्हायरस शिरला आणि एका नवरीची अख्खी सप्तपदी गेली, तेव्हा कोणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. मी श्रीरामपूरला टायपिंगचे क्लास घेते. कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही. क्लासमधलं बंद पडलेलं मशीन भंगारात द्यायचं जिवावर आलं म्हणून उघडून बसले, ती अजून बसलेच आहे. कल्याणच्या मशीनवर मी विंडोज काढून लिनक्स, म्हणजे सगळ्यांना फुकट आणि मोकळी असलेली प्रणाली, घालून दिलं आणि त्या दिवसापासून त्याची ताई झाले. नाताळला माझ्याकडून करंज्यांचा डबा जातो, दिवाळीला सत्यशीलाकडून चकल्यांचा येतो.

सगळं त्याच्या ग्राफिक्स कार्डापाशी, म्हणजे पडद्यावरचं चित्र चालवणाऱ्या भागापाशी, येऊन अडलं. कार्ड जुनं. कार्डाला ड्रायव्हर लागतो, म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं कार्डाला समजावणारा प्रोग्राम. ह्या कार्डासाठी असे दोन होते. एक कंपनीचा. त्याच्या आत काय लिहिलंय ते कोणाला दिसत नाही, पण पळतो झकास. फक्त जुन्या कार्डांसाठी कंपनीने तो नवा करणं थांबवलं होतं, त्यामुळे नव्या लिनक्सवर तो बसेना. दुसरा मोकळा. जगभरच्या लोकांनी ते कार्ड बाहेरून चाचपून चाचपून लिहिलेला, कोणीही उघडून वाचावा असा. माझा जीव ह्या दुसऱ्यावर. पण त्याच्यावर कार्ड कायम पहिल्या गिअरमध्येच चालायचं, म्हणून कल्याण जुन्याच लिनक्सवर कंपनीचा चालवायचा.

गेल्या वर्षी वेरा नावाच्या एका बाईने वरचा गिअर टाकणारी दुरुस्ती लिहिली. ती कुठल्या देशात राहते ते मला आजही नीट माहीत नाही. तिला ते कार्ड असलेलं कोणीतरी तपासायला हवं होतं. माझ्याकडे कार्ड नव्हतं, कल्याणकडे होतं. मी ती दुरुस्ती घालून नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घरी तयार केला. बेलापूरला येऊन त्याच्या मशीनवर बसवला आणि सांगितलं, "आठ दिवस ह्याच्यावरच काम कर. अडकलं तर अडकलं म्हण."

रोज संध्याकाळी माझा फोन जायचा.

"चालतंय का रे?"

"लोन्यावानी, ताई."

ते 'लोन्यावानी' इंग्रजीत कसं लिहावं ह्यावर मी अर्धा तास घालवला होता. शेवटी साधंच लिहिलं: आठ दिवस, रोज सहा तास व्हिडिओचं काम, एकदाही अडकलं नाही. मशीन आपोआप ठेवतं ती नोंद जोडलीत तर बरं, असं वेराने कळवलं होतं. मी जोडली नाही. कल्याणचा शब्द होता ना.

ती दुरुस्ती लिनक्समध्ये गेली आणि तिच्याखाली एक ओळ गेली. तपासणारी: दया साळवे. मी ती छापून क्लासच्या भिंतीवर लावली. आमच्या पास्टरांनी रविवारी सूचनांच्या वेळी वाचून दाखवली. कोणाला काही कळलं नाही, पण टाळ्या छान वाजल्या.

ह्या महिन्यात तक्रारी यायला लागल्या. कुठल्याशा गावातल्या वाचनालयाची सहा मशीनं, सगळ्यांत हेच कार्ड, सुरू झाली की पाच-दहा मिनिटांत गोठतात. मग आणखी एकाने लिहिलं, मग आणखी दोघांनी. बुधवारी वेराचं पत्र आलं. रागाचं नव्हतं, तेच जास्त लागलं. सगळे म्हणतात अडकतं, तुम्ही एकट्या म्हणता चालतं, आणि तपासणाऱ्याही तुम्ही एकट्याच होतात. शुक्रवारी लिनक्सची नवी आवृत्ती निघते. तुमच्या मशीनची नोंद पाठवा. खरंच चालत असेल तर दुरुस्ती ठेवते, नसेल तर काढते.

म्हणून गुरुवारी सकाळीच मी बेलापुरात.

कल्याण आला तो हातात चहाचा कप घेऊनच. मला पाहिलं आणि हसला, पण ते हसू त्याच्या मिशीच्या वर गेलं नाही.

"ताई! फोन तरी करायचा. आधी चहा घ्या."

"आधी मशीन."

"लाईट जानार हाय आता."

"सकाळीच जाऊन आली म्हणे. सत्यशीला, जरा सरकतेस का?"

सत्यशीला सरकली. कानावर हेडफोन तसाच ठेवला, पण त्यातलं गाणं तिने बंद केलेलं मला दिसलं.

मी एक ओळ टाईप केली. कुठला कर्नल चालू आहे ते मशीन त्या ओळीवर सांगतं. जो आकडा आला तो दोन वर्षांपूर्वीचा होता. वेराची दुरुस्ती गेल्या वर्षीची.

"हा मी बसवलेला नाही."

"अपडेटनं मागं गेला आसंल. आपोआप."

"अपडेट मागे जात नसतं रे."

"आमचं मशीनच उलट्या खोपडीचं हाय, ताई." हा विनोद होता. कोणी हसलं नाही.

प्रत्येक वेळी सुरू होताना मशीन स्वतःची नोंद ठेवतं. मी मागे मागे जात राहिले. गेल्या वर्षीचा तो आठवडा सापडला. मी बसवलेला कर्नल एकदाच सुरू झाला होता. सकाळी अकरा दहाला. अकरा एकवीसला नोंद मध्येच तुटलेली, कोणीतरी सरळ वीज तोडल्यासारखी. साडेअकरापासून पुढे पुन्हा जुना कर्नल, त्याच्यावर कंपनीचा ड्रायव्हर. आठही दिवस. आणि मी गेल्यावर अपडेट बंद करून टाकलेलं, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर मोडायला नको.

मी त्या तारखा मोजत होते आणि प्रत्येक तारखेला संध्याकाळचा एक फोन आठवत होता.

"राहुरीच्या साखरपुड्याची अर्जंट ऑर्डर हुती, ताई," कल्याण म्हणाला. "पार्टी दारात उभी. मी काय करनार?"

"एका दिवसाचं समजलं. बाकीचे सात?"

त्याने कप टेबलाच्या कडेला ठेवला.

"अरे, अडकलं असं सांगितलं असतंस तर मी तसं लिहिलं असतं. तीही तपासणीच असते. तिला तेच तर हवं होतं."

"तुमी लई खुश हुत्या, ताई. फोनवर आवाज कळतो की. म्हनलं, कशाला..."

"कशाला काय?"

"तुमचंच नाव व्हनार हुतं. माझं काय हाय त्यात?"

मला ओरडायचं होतं. पण खोली एवढी लहान, शेजारी रसवंतीचं दुकान, आणि मी टायपिंगची बाई, आवाज चढवायची सवय नाही. माझे डोळे भरले ते मी चष्मा पुसण्यात लपवले. माझ्या नावाखाली सहा मशीनं गोठली होती. ती चालवणारा माणूस मला ओळखत नव्हता, तरी त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. कल्याण मला ओळखत होता.

तो जवळ वाकला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "एक करा ना. चालतंय म्हनून लिहून टाका. हितं बेलापुरात कोन येतंय बघायला?"

"कल्याण!"

"बरं, मग लिहा, तवा चालत हुतं, आता कार्ड खराब झालं. कार्ड खराब व्हतंच की. न्हाईतर लाईटचं लिहा, व्होल्टेज कमीजास्त..."

आणि खरं सांगते, एक क्षणभर मी त्या वाक्याचं इंग्रजी मनात जुळवायला लागले होते.

सत्यशीलाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"तुमी गप बसा वो." हे नवऱ्याला. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, त्या दिवशी सगळं गोठलं तवा मीच प्लग काढला. मीच ह्यांना म्हनले, ताईला खरं सांगून टाका. हे म्हनले, ताईचं मन मोडंल. ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

"तू तरी मला सांगायचंस ना."

"सांगायचं हुतं. चुकलं माझं. पन त्या आठ दिवसांत तुमी दोनदा हितं चहाला आल्या. ह्याच खुर्चीत बसल्या. मशीन असंच चालू हुतं म्होरं. आज ही जी एक ओळ टाईप केली, ती तवा का न्हाई केली?"

मी पडद्यावरच्या त्या ओळीकडे पाहिलं.

"आमी खोटं बोललो, ताई," सत्यशीला म्हणाली. "आन् ते खोटं हाय हे तुमाला तवाच कळलं हुतं."